श्वास सोडायचा नाही

१

मी मारधाडीच्या सिनेमांचे ट्रेलर कापते. आमच्याकडे कापते असंच म्हणतात, बनवते असं कुणी म्हणत नाही. अडीच तासांचा सिनेमा येतो, त्यातली सव्वादोन मिनिटं ठेवायची आणि बाकीचा फेकायचा. सोळा वर्षं हेच चाललंय आणि खरं सांगायचं तर मला या कामाचा वीट आलाय.

साचा एकच. पहिली पस्तीस सेकंदं सुखाची. बायको हसते, मुलगी पळत येते, नायक अंगणात गाडी धूत असतो. मग कुणीतरी काहीतरी पळवतं, बहुधा मुलगीच. मग एक म्हातारा येऊन नायकाला म्हणतो, तू तर ते सगळं सोडलं होतंस. नायक मान खाली घालतो आणि कपाटातून बंदूक काढतो. इथून ढोल सुरू. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला एक कट. ठोसा, काच, गाडी, आग, पुन्हा ठोसा. ठोके जवळजवळ येत जातात आणि तुकडे लहान होत जातात, शेवटी तर पाव सेकंदाचे, म्हणजे सहा-सहा फ्रेमचे. सेकंदाला चोवीस फ्रेम असतात, आणि मी आता भाजीचा कुकर लावला तरी वेळ फ्रेममध्येच मोजते.

मग सगळं बंद. पडदा काळा, आवाज नाही. त्या काळ्यात एकच श्वास, फक्त आत घेतलेला. मग स्फोट, मग सिनेमाचं नाव.

त्या श्वासावर सगळा डोलारा उभा असतो. तो ऐकला की बघणारा नकळत स्वतःही श्वास घेतो आणि तसाच धरून बसतो. आमचे साहेब नव्या माणसाला पहिल्याच दिवशी हे शिकवतात. "श्वास घ्यायचा, सोडायचा नाही. तो त्यांनी थिएटरात येऊन सोडायचा." साहेबांना पाठीमागे सगळे ढोल म्हणतात, कारण काहीही दाखवलं तरी त्यांना "ढोल वाढव" एवढंच सुचतं.

२

माझा नवरा शाळेत पीटी शिकवतो. मी त्याला मास्तर म्हणते, तो मला कात्री म्हणतो. दुपारी दोनला घरी येतो, जेवतो, आणि सोफ्यावर आडवा होऊन तोंड उघडं टाकून झोपतो. माझा त्याच्यावर जीव आहे, पण त्याचं घोरणं मला सोसत नाही. ते कोरडं असतं तर चाललं असतं. ओलं असतं. घशात काहीतरी वरखाली होत असतं, गटारात अडकलेल्या चिंधीसारखं, आणि ते ऐकून माझ्या तोंडाला पाणी सुटतं, ओकारीच्या आधी सुटतं ते.

"मी घोरत नाही," हे त्याचं कायमचं.

"जागा असताना घोरत नाहीस, एवढं मान्य आहे," असं म्हणून एका सुट्टीच्या दिवशी मी त्याच्या उशाशी फोन ठेवला आणि चाळीस मिनिटं रेकॉर्ड केलं. पुरावा म्हणून.

त्याच आठवड्यात मला श्वास हवा होता. ऑफिसातल्या साठ्यातले श्वास वापरून वापरून शिळे झालेत. नटांनी माइकसमोर घेतलेले, उगाच भेदरलेले. सहज म्हणून मी मास्तरचं रेकॉर्डिंग लावलं. सव्विसाव्या मिनिटाला त्याचं घोरणं एकदम थांबलं. पाच सेकंदं काहीच नाही. मग बुडणारा माणूस पाण्यावर यावा तसा श्वास. मला हेडफोन काढून इकडेतिकडे बघावं लागलं, इतका तो खरा होता.

श्वास अगदी वर पोचतो तिथेच मी कापला. पुढचं मला नको होतं. पुढे त्याचे ओठ फडफडत होते, हवा फुर्र करून बाहेर येत होती आणि शेवटी थुंकीचा एक बुडबुडा फुटत होता. मला शिसारी आली. तुकडा उचलला आणि बाकीचं सगळं पुसून टाकलं, कॉम्प्युटरवरूनही आणि फोनवरूनही.

आमच्या धंद्यात असं कुणी करत नाही. शिवणीत दाबायला कापड ठेवतात तसं तुकड्याच्या दोन्ही बाजूंना थोडं जास्तीचं ठेवायचं असतं. नाहीतर पुढेमागे जोडायला काही उरत नाही, आणि आवाज असा तोडला की शेवटी बारीकशी टिक ऐकू येते. ती टिक स्फोटाखाली दबून जाईल असा मी हिशेब केला. हा सगळा आळस नव्हता, किळस होती. सोळा वर्षांत पहिल्यांदा मी कच्च्या नव्या माणसासारखं कापलं.

३

कट बघून ढोल खुर्चीतून उठले. "हा कुठून आणलास?"

"घरचा आहे."

"सगळ्यांना दे."

तो तुकडा ऑफिसच्या सामाईक फोल्डरमध्ये गेला. एकच फाइल, आणि जो तो आपल्या ट्रेलरमध्ये तीच जोडायचा. दोन महिन्यांत सात ट्रेलर गेले, सातही त्याच श्वासावर. मी मास्तरला सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना ऐकवून आला. मराठीच्या बाईंनी म्हणे त्याच्याकडे सही मागितली.

४

पहिल्यांदा लक्षात आलं ते चहाच्या वेळी. मास्तर चहाला दहा फुंकरा मारल्याशिवाय ओठ लावत नाही. त्या दिवशी कपातून वाफा निघत असताना त्याने सरळ घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं, पण फुंकर मारली नाही.

"भाजलं ना?"

त्याने मानेनेच हो म्हटलं.

मग घोरणं थांबलं. मी आधी सुटकेचा निश्वास टाकला, खोटं कशाला बोलू. तीन दिवस दुपारी घरात शांतता. चौथ्या दिवशी मी त्याच्या शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालत होते आणि उगाच कान गेला. त्याने श्वास घेतला. थोड्या वेळाने पुन्हा घेतला. पुन्हा घेतला. मधे सोडलेला मला ऐकू आला नाही. म्हटलं, पंख्याचा आवाज आहे. उठून पंखा बंद केला. म्हटलं, हळू सोडत असेल. तळहात त्याच्या नाकाजवळ धरला. हातावर काहीच लागलं नाही, कपाटाच्या दारासमोर हात धरल्यासारखं. श्वास आत जाताना मात्र हाताला ओढ लागत होती.

आणि प्रत्येक श्वासाच्या शेवटी, अगदी वर पोचल्यावर, त्याच्या छातीत बारीकशी टिक वाजत होती.

मी स्वयंपाकघरात जाऊन सिंक घासत बसले. माणूस दिवसभर हेडफोन लावून बसला की कानात काहीही वाजतं, असं स्वतःला समजावलं. ते पटलंही, साधारण संध्याकाळपर्यंत.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. मास्तर पाच मिनिटं बोलला, मग फोन माझ्याकडे दिला.

"काय ग, याचा आवाज असा काय येतोय?" सासूबाई म्हणाल्या. "कुणीतरी आत ओढून घेतल्यासारखा?"

"सर्दी आहे, आई."

"मला नको सांगू सर्दी. मी त्याला जन्मापासून ऐकतेय."

बरोबर होतं त्यांचं. मी ते दोन दिवसांपासून ऐकत होते आणि ऐकलं नाही असं दाखवत होते. तो श्वास घेता घेता बोलत होता. शब्द बाहेर येत नव्हते, आत जात होते, ग्लासाच्या तळाशी उरलेलं स्ट्रॉने ओढावं तसे, थुंकीसकट. "मीठ दे" म्हणताना त्याचे गाल आत जायचे. मी मीठ दिलं आणि ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जाऊन जेवले. त्याला वाईट वाटलं असणार. मला समोर बसवेना.

५

पुढच्या सोमवारी तो अकरालाच घरी आला. "शिट्टी वाजत नाही," असं काहीतरी त्याने आत ओढलं. "तीन बदलल्या. पोरं हसतात." मुख्याध्यापकांनी त्याला सांगितलं होतं की डॉक्टरला दाखवा, तोवर शाळेत येऊ नका.

त्याच्या शर्टाचं वरचं बटण लागत नव्हतं. दुसरं ताणलं होतं. गळ्याखालच्या हाडांमागची कातडी वर आली होती आणि चकचकत होती, आतून कुणीतरी बोट लावल्यासारखी. त्याच्या अंगाला कसलाच वास नव्हता. दिवसभर जेवणारा, चहा पिणारा माणूस, आणि तोंडाला वास नाही. तो वास कुठे साठतोय हे माझ्या डोक्यात आलं आणि मी तो विचार तिथेच सोडून दिला.

डॉक्टर चांगले आहेत, वयस्कर, घाई न करणारे. त्यांनी छातीवर नळी ठेवली.

"श्वास घ्या."

मास्तरने घेतला.

"सोडा."

आम्ही तिघंही थांबलो. भिंतीवर एक चार्ट होता, मी त्यावरची अक्षरं वाचत राहिले.

"सोडा आता."

मास्तर माझ्याकडे बघत होता. लहान मुलाने चूक झाल्यावर आईकडे बघावं तसा.

"सोडा हो."

डॉक्टरांनी नळी कानातून काढली, पुसली, पुन्हा लावली. मग बॅटरी घेऊन म्हणाले, तोंड उघडा. वाकून आत बघितलं आणि एकदम मागे सरले. खुर्चीची चाकं फरशीवर करकरली.

"काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही. काळं दिसतं."

"म्हणजे?"

"उजेड नसला की घसा काळाच दिसतो." बॅटरी त्यांच्या हातात चालूच होती.

एक्स-रे बघून म्हणाले, छाती स्वच्छ आहे. भरलेली आहे, पण स्वच्छ. मास्तरला बाहेर बसायला सांगून त्यांनी खिडकी उघडली आणि तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. "बाई, मी चाळीस वर्षं हे काम करतोय. हे काय आहे ते मला कळत नाही, मी मोठ्या दवाखान्यात चिठ्ठी देतो. पण लवकर जा. आत जागा असून असून किती असणार?"

६

मोठ्या दवाखान्याने शनिवारची वेळ दिली. तो गुरुवार होता. त्या दिवशी दुपारी शर्टाचं तिसरं बटण तुटून टीव्हीवर जाऊन आपटलं. मास्तर हसला, आत.

मी वेडी नाही. दोन गोष्टी एकदम घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे मला कळतं. पण ती टिक माझी होती. स्वतःच्या हाताने तोडलेला आवाज एडिटर हजारांत ओळखतो. मी त्याचा सोडलेला श्वास किळस येऊन फेकून दिला होता आणि तो आता त्याच्याकडे नव्हता. तो परत जोडून बघायचा होता. चुकले तर कुणाला सांगायची गरज नव्हती.

पण जोडायला तर काही ठेवलं नव्हतं. शुक्रवारी सकाळी ऑफिसात बसून मी जुने व्हिडिओ उपसले. या घरात राहायला आलो त्या दिवसाचा एक सापडला. मास्तर आणि त्याचा मित्र फ्रिज घेऊन तीन मजले चढून येतात, दारात ठेवतात, आणि मास्तर भिंतीला टेकून म्हणतो, "हुश्श." पूर्ण, लांब, ओला सुस्कारा. दोन सेकंद पाच फ्रेम. म्हणजे त्रेपन्न.

सामाईक फोल्डरमधली फाइल उघडली आणि त्या श्वासाच्या मागे हा सुस्कारा लावला. शिवण घासून घासून साफ केली. टिक गेली. फाइल सेव्ह केली तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

सव्वाअकराला फोन वाजला.

"कात्री!" आवाज बाहेर येत होता. फोनचा स्पीकर थरथरत होता त्याच्या श्वासाने. "सुटला ग! उभा होतो नुसता गॅलरीत आणि सुटला. थांबेचना. सगळ्या खिडक्या उघड्या टाकल्यात, कपाटामागे उंदीर मेल्यासारखा वास येतोय घरात. शेजारचे विचारून गेले."

"आता कसं वाटतंय?"

"रिकामं. काय मजा वाटतेय माहितीये, नुसतं हुश्श करायला? ऐक." आणि त्याने फोनमध्ये फुंकर मारली, एकदा, दोनदा. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

७

त्या दिवशी पाचला माझा नवा ट्रेलर सुटायचा होता. दीडला साहेब बघायला आले. ढोल वाजले, काच फुटली, गाडी उडाली, काळं झालं. श्वास आला. मग सुस्कारा.

"हे काय ग?"

"श्वास."

"हा श्वास? चाकातली हवा गेली ही."

"यावेळी राहू दे ना साहेब. घरचं कारण आहे."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी भांडले असते, अडून बसले असते, नोकरी सोडून घरी गेले असते. पण माणूस तसा भला आहे. "मी हात लावत नाही," ते म्हणाले. "ट्रेलर तुझा. तीनदा बघ, आणि तुला पटेल तसा सोड." आणि दार ओढून गेले.

मी बघितला. घाण होता. एवढं सगळं ताणत ताणत वर न्यायचं आणि त्या काळ्या पडद्यावर एक माणूस सोफ्यावर बसल्यासारखा हुश्श करतो. दुसऱ्यांदा बघितला. त्या ओल्या, लोळणाऱ्या आवाजाला मी हेडफोन कानांवरून सरकवले. स्फोट आला तेव्हा मला जांभई आली.

सामाईक फोल्डरमधली ती फाइल उघडली आणि सुस्काऱ्याच्या शेवटून चार फ्रेम काढल्या. चार फ्रेमनी माणूस मरत नाही. मग आठ काढल्या. अर्धा सुस्कारा हाही सुस्काराच, तोंडाने पूर्ण सोडतो कोण? लोक आयुष्यभर वरवर श्वास घेतात आणि ऐंशी वर्षं जगतात. असं एकेक म्हणत मी मागून कापत आले, आणि अकरा फ्रेम उरल्या तेव्हा हात थांबला.

श्वास आत येतो, वर पोचतो, बाहेर पडायला लागतो, सुटलो असं वाटतं, आणि तोच तुटतो. माझ्या अंगावर काटा आला. नुसता श्वास धरून ठेवण्यापेक्षा हे शंभर पटीने भारी होतं. सोळा वर्षांत मी असा कट मारला नव्हता. मला आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची मला आत्ता हे सांगतानाही घाण वाटते.

फाइल सेव्ह केली. पाचला ट्रेलर आपोआप सुटेल असं लावलं, आणि पिशवी उचलून घरी निघाले.

८

घरी पोचले तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. खिडक्या उघड्याच होत्या. वास अजून पडद्यांना होता, गोडसर, कुजकट, आठवडाभराच्या जेवणांचा. मास्तर जेवणाच्या टेबलाशी बसला होता. दोन कप चहा केला होता. शर्टाची सगळी बटणं लागली होती. मी त्याच्यासमोर बसले, फोन हातातच होता.

"ये," तो म्हणाला. आवाज बाहेर आला. "आईला फोन के..."

खुर्चीत कुणी नव्हतं.

आठ फ्रेम असतील. दहा. मग तो होता, श्वास घेत, आणि म्हणत होता, "...ल्यापासून ती नुसती रडतेय." कप त्याच्या हातात बोटभर खाली आला होता. त्याला काही कळलं नव्हतं.

डोळ्यांची पापणी लवली असेल, मी म्हटलं. दिवसभर स्क्रीन बघून होतं असं.

"काय ग, गप्प का? मी उद्या त्या दवाखान्यात जात ना..."

यावेळी मी डोळे ताणून बसले होते. तो गेला. पण खुर्ची रिकामी नव्हती, कारण खुर्चीची पाठ दिसत नव्हती. त्याच्या मागची खिडकी दिसत नव्हती. तिथे नुसतं काळं होतं, त्याच्याएवढं, कडा अगदी स्वच्छ. आणि त्या काळ्यात कुणीतरी श्वास रोखून बसलं होतं. एकजण नव्हे. मोठं थिएटर भरल्यावर दिवे गेले की अंधारात जेवढी माणसं असल्याचं जाणवतं, तेवढी. सगळी वाट बघत होती.

"...ही, असं ठरवलंय," मास्तर म्हणाला. त्याचा चेहरा ओला होता. त्याने तो बाहीने पुसला आणि बाहीकडे नवलाने बघितलं.

काळ्यानंतर काय येतं ते मला माहीत आहे. ते मी रोज लावते. अजून आलं नव्हतं, कारण ट्रेलर अजून सुटला नव्हता. पाचला पन्नास मिनिटंही उरली नव्हती. ऑफिसात फोन करून थांबवायला एक मिनिट, अकराच्या पुन्हा त्रेपन्न फ्रेम करायला दोन. मास्तर माझ्याकडे बघून हसला आणि बोलायला त्याने तोंड उघडलं. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात थुंकीचा एक बारीक बुडबुडा होता.

मला स्वतःची इतकी किळस कधीच आली नव्हती. मी फोन टेबलावर पालथा ठेवला. तो कट मला अजून एकदा बघायचा होता.